मुक्त उड्डाणाचा खेळ आणि त्यातली माणसे

गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेत सभासद जोडण्याचे काम करीत आलो आहे. त्यामुळे वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझे नाव दिसले, की वेतन, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांविषयी काही ऐकायला मिळेल, अशा तयारीने श्रोते येतात. यंदा मी छोट्या विमानांच्या खेळाविषयी बोलणार हे कळल्यावर चालकांनीही मला दोनदा विचारून घेतले. त्यांना दिलेले उत्तर इथेही देतो. हा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे, गुणाने मोठा आहे, आणि तरीही ज्या देशांत तो वाढला तिथेच त्यात उतरणारी माणसे कमी होत चालली आहेत. चांगली गोष्ट लोकांपासून दूर का जाते, आणि लोक पुन्हा तिच्याकडे कसे वळवावेत, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. म्हणून या विषयावर बोलण्याचे धाडस केले.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. बाजारात आज दूरनियंत्रणाने उडणारी विमाने आणि ड्रोन मिळतात. जमिनीवरच्या माणसाच्या हातात पेटी असते आणि वरचे यंत्र त्याच्या हुकमाप्रमाणे वळते. मुक्त उड्डाणात, म्हणजे ज्याला खेळाडू ‘फ्री फ्लाइट’ म्हणतात त्यात, असे काही नसते. विमान हातातून सुटले, की ते दिशा आणि तोल आपले आपण सांभाळते. ते सांभाळण्याची तरतूद करणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असली पाहिजे. पंख किती अंशांनी वर उचललेले, शेपटी किती कललेली, वजन कुठे ठेवलेले, यांवर सारे अवलंबून असते. मुलगा शिकून परगावी नोकरीला निघाला, की बापाच्या हातात जेवढे उरते, तेवढेच विमान सोडणाऱ्याच्या हातात उरते. जे शिकवायचे ते आधी शिकवून झालेले असावे लागते.

या खेळाचे मूळ विमानाच्या शोधाहून जुने आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत अल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे एक लहानसे विमान जाणकारांसमोर उडवून दाखवले. ते ११ सेकंद हवेत राहिले. पंखाच्या मागे शेपटी योग्य कोनात बसवली, तर विमान स्वतःचा तोल स्वतः राखते, हे त्या ११ सेकंदांनी सिद्ध केले. पुढे १८७८ साली अमेरिकेत राइट नावाच्या एका पाद्र्याने आपल्या मुलांसाठी बांबू, कागद आणि बूच यांचे, रबराने उडणारे एक खेळणे घरी आणले. तेही पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले होते. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल. १९०३ साली त्यांनी काय केले, ते शाळेतला मुलगाही सांगेल. तेव्हा या खेळाला कोणी पोरखेळ म्हटले, तर ते खरे आहे. पण त्याच पोरखेळातून माणसाचे उडणे निघाले, हेही तितकेच खरे आहे.

स्पर्धेचे रूप या खेळाला विसाव्या शतकात आले. ‘कॅस्ट्रॉल’ तेलाच्या व्यवसायाने श्रीमंत झालेल्या लॉर्ड वेकफील्ड यांनी इंग्लंडमध्ये एक चषक ठेवला, आणि १९२८ सालापासून रबरावर उडणाऱ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो दिला जाऊ लागला. आजही त्या वर्गाच्या विमानांना ‘वेकफील्ड’ हेच नाव आहे. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे फिनलंडच्या आर्ने एलिला यांनी हा चषक जिंकला. त्या काळची एक प्रथा मला फार मोलाची वाटते. ज्याला समुद्रापलीकडे जाण्याचा खर्च झेपत नसे, तो आपले विमान पेटीत घालून पाठवून देई, आणि यजमान देशातला एखादा खेळाडू ते त्याच्या वतीने उडवी. माणूस न्यूझीलंडमध्ये आणि त्याचे विमान इंग्लंडच्या आकाशात! ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याचेच विमान इमानाने उडवून द्यायचे, हा त्या काळच्या खेळाडूंचा रिवाज होता.

आता विमान उडते कसे, ते थोडक्यात सांगतो. कारण खेळातली गोडी कळल्याशिवाय त्याच्या वाढीची चर्चा कोरडी राहील. आज जागतिक स्पर्धांत तीन मुख्य वर्ग आहेत. पहिला दोरीने ओढून चढवायच्या ग्लायडरचा. दोरी ५० मीटरची असते. खेळाडू पतंगासारखे विमान डोक्यावर चढवून, चांगली हवा मिळेपर्यंत मैदानभर हिंडत राहतो आणि मग सोडतो. दुसरा वर्ग रबराचा, म्हणजे वेकफील्डचा. रबराशिवाय विमानाचे वजन निदान २०० ग्रॅम आणि रबर ३० ग्रॅमपेक्षा अधिक नाही. तिसरा इंजिनाचा. त्यात इंजिन फक्त ४ सेकंद चालू द्यायचे. तेवढ्यात विमान बाणासारखे वर जाते आणि पुढे निव्वळ तरंगत खाली येते.

रबराचे विमान सज्ज करताना पाहणे हा एक सोहळा असतो. रबराच्या पट्ट्यांची लडी वंगण लावून विमानाबाहेर तिच्या लांबीच्या चार-पाच पट ताणतात. एकजण टोक धरतो, दुसरा हातयंत्राने पीळ देत देत हळूहळू जवळ येतो. पीळ कमी पडला तर उंची मिळत नाही. जास्त झाला तर लडी तुटून सापासारखी उसळते आणि विमानाचा सांगाडा फोडते. म्हणून पीळ देताना सांगाड्याच्या आत एक नळी घालून ठेवतात. ज्याने लेथवर काम केले आहे त्याला हे लगेच समजेल. धातू किती सहन करील हे शेवटी हाताला कळते, पुस्तकाला नाही. तसेच रबराचे आहे.

पण रबर, इंजिन किंवा दोरी ही फक्त वर चढण्यापुरती. पुढची मदत हवेची. ऊन पडले म्हणजे सारी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेले काळे रान, डांबरी रस्ता, कोरडी माळजमीन लवकर तापते. त्यांवरची हवा हलकी होऊन उसळते आणि भोवतालची थंड हवा तिची जागा घ्यायला धावते. या उसळत्या हवेला ‘थर्मल’ म्हणतात. आपल्या घारी पंख न हलवता गोल फिरत उंच जातात, त्या हिच्याच जोरावर. थर्मल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती ओळखण्याच्या युक्त्या आहेत. उंच काठीला प्लॅस्टिकची अगदी पातळ पट्टी बांधून ती कशी उचलली जाते ते पाहतात. साबणाचे फुगे सोडतात. परदेशी खेळाडू पाणगवताचा कापूस उडवतात. आपल्याकडे लहानपणी आपण जिला ‘म्हातारी’ म्हणून फुंकर घालीत होतो, ती रुईच्या बोंडातली म्हातारी याच कामाला येईल. वारा क्षणभर पडला, अंगाला ऊब जाणवली, पट्टी वर तरंगली, की जाणता खेळाडू विमान सोडतो.

थर्मलमध्ये विमान सापडले, तर ते परत येईलच असे नाही; दिसेनासे होईपर्यंत चढत जाते. म्हणून त्याला उतरवण्याची सोय आधीच करून ठेवतात. पूर्वी एक जळती वात लावीत. ठरलेल्या वेळी ती रबराच्या कड्यापर्यंत पोचून ते जाळी, आणि शेपटी झटकन सुमारे ४५ अंश वर उचलली जाई. विमानाचे तरंगणे मोडून ते छत्रीसारखे सपाट खाली बसे. आज वातीच्या जागी बारीक घड्याळ असते, आणि केवळ उतरवण्यापुरता रेडिओचा इशाराही नियमांना चालतो.

स्पर्धेतही एक न्याय आहे. प्रत्येक फेरीला एक कमाल वेळ ठरलेला असतो. सामान्यतः ३ मिनिटे. विमान ३ मिनिटे राहिले तरी तेवढेच गुण, आणि १० मिनिटे राहिले तरी तेवढेच. जागतिक स्पर्धेत अशा अनेक फेऱ्या होतात. त्या सगळ्या पुऱ्या करणाऱ्यांत पुन्हा निकाली फेरी होते. याचा अर्थ असा, की नवख्या पोराला चांगली हवा सापडली, तर त्या एका फेरीत तो जगज्जेत्याच्या बरोबरीला उभा राहतो. हवेकडे कोणाचा वशिला चालत नाही.

इतका चांगला खेळ. मग माणसे कमी का? कोणी म्हणतात, हल्लीच्या मुलांना धीर नाही. हे उत्तर मला संघटनेच्या कामातही नेहमी ऐकायला मिळते: हल्लीच्या तरुणांना तळमळच नाही. मीही एके काळी ते देत असे. ते माझ्या तोंडून कसे सुटले, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील तरुण कामगारांसाठी आम्ही अभ्यासवर्ग काढला. विषय चांगले होते, व्याख्याते विद्वान होते. पहिल्या दिवशी चाळीसजण आले, चौथ्या दिवशी सहा. मी मनातल्या मनात पोरांना नावे ठेवली. शेवटी एक जुना सभासद मला म्हणाला, “भाऊ, वर्ग सुटतो तेव्हा शेवटची बस गेलेली असते. दोन पुस्तके घ्यायला सांगितलीत, ती पगाराच्या आधी कुठून घ्यायची? आणि पहिल्या दिवशी जे कळले नाही, ते विचारायचे कोणाला?” त्याच्या बोलण्यात तीन प्रश्न होते: परवडेल का, पोचता येईल का, आणि विचारायचे कोणाला. पोरांची तळमळ कमी नव्हती. आमची पायरी उंच होती. तेव्हापासून कुठलीही संस्था ओसाड पडताना दिसली, की मी हे तीन प्रश्न लावून पाहतो. मुक्त उड्डाणालाही तेच लावू.

पहिला प्रश्न परवडण्याचा. रबराच्या वर्गाचा इतिहास इथे बोलका आहे. १९५४ साली विमानातल्या रबरावर ८० ग्रॅमची मर्यादा घातली गेली. विमाने सुधारत गेली, सगळीच पुरा वेळ उडू लागली, म्हणून ती क्रमाक्रमाने ५०, ४०, ३५ आणि शेवटी ३० ग्रॅमवर आणली. दरवेळी हेतू चांगलाच होता: फार विमाने बरोबरीत येऊ नयेत. परंतु प्रत्येक मर्यादेला वरच्या खेळाडूंनी अधिक कसबी विमानाने उत्तर दिले. बाल्सा लाकूड आणि पातळ कागद यांच्या जागी कार्बनचे धागे आले, पंखाचा कोन ठरल्या क्षणी बदलणारी घड्याळे आली, उड्डाणात आपला कोन बदलणारे पंखे आले. विमान अप्रतिम झाले. पण वरच्या दर्जाच्या अशा एका विमानाला आज हजार डॉलरांहून अधिक पडतात, म्हणजे आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराचा पाच-सहा महिन्यांचा पगार. आणि नियमाप्रमाणे एकेका खेळाडूला चार विमाने आणता येतात!

इथे एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. सोव्हिएत रशियात आणि पूर्व युरोपात मुलांच्या ‘पायोनियर’ भवनांतून विमाने बांधण्याची मंडळे सरकारी खर्चाने चालत. लाकूड, हत्यारे, शिक्षक, सारे फुकट. कामगारांची मुले तिथे शिकली आणि जगज्जेती झाली. १९९१ साली ती राज्यव्यवस्था कोसळली आणि तो आधारही बहुतांशी गेला. तेव्हा युक्रेन आणि रशिया येथल्या कसबी खेळाडूंनी आपली विमाने परदेशच्या स्पर्धकांना विकून प्रपंच चालवला. त्यात लाज वाटावी असे काही नाही. कसब विकूनच आपण सगळे जगतो. परंतु परिणाम काय झाला? पूर्वी स्पर्धकाने आपले विमान स्वतः बांधलेले असले पाहिजे असा नियम होता. तो जागतिक स्पर्धेच्या मुख्य वर्गांतून उठवला गेला. जे मंडळांतून फुकट शिकता येत होते, ते आता विकत घ्यायची वस्तू झाली.

या नियमावर खेळाडूंत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, विमान विकत घेतले तर खेळाचा प्राण गेला. दुसरा म्हणतो, नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला शंभर तास बांधणीला मिळत नाहीत. त्याने काय करावे? मला दोघांचेही पटते. पैसा नसलेला पहिल्या पक्षाचा, वेळ नसलेला दुसऱ्या पक्षाचा. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो मात्र कोणत्याच पक्षात नसतो. तो मैदानावर आलेलाच नसतो, म्हणून त्याचे मत कोणी विचारीत नाही.

दुसरा प्रश्न पोचण्याचा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर ३ मिनिटांत विमान ९०० मीटर वाहत जाते. स्पर्धा थांबवण्याची मर्यादा सेकंदाला ९ मीटरची आहे. त्या वेगाला ते दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते. एवढे मोकळे रान शहराजवळ कुठे राहिले? म्हणून मोठे सामने अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉस्ट हिल्ससारख्या ओसाड भागात होतात. २०१५ सालची जागतिक स्पर्धा मंगोलियाच्या माळरानावर झाली, २०१९ ची लॉस्ट हिल्स येथे. ज्याच्याकडे गाडी नाही, रजा नाही, तो तिथे पोचत नाही. इंग्लंडमध्ये जुने लष्करी विमानतळ या खेळाला मिळत. तेही आता कमी उरले आहेत.

तिसरा प्रश्न विचारण्याचा. आणि माझ्या मते सर्वांत मोठा. नवख्याने पहिले विमान बांधले आणि फेकले, की काय होते? ते नाक वर करते, क्षणभर थबकते, आणि धाडकन नाकावर आपटते. त्याला वाटते आपले विमान वाईट. जाणता माणूस शेजारी असला तर म्हणतो, “अरे, शेपटी जड झाली आहे. नाकाला हरभऱ्याएवढी माती लाव.” माती लावली, की तेच विमान वीस पावले सरळ तरंगत जाते. पुढे थोडासा पीळ, मग आणखी थोडा. डावीकडे फार वळले तर पंख्याचा आस किंचित उजवीकडे. हे सगळे दहा मिनिटांचे काम आहे. पण ती दहा मिनिटे मिळाली नाहीत तर मुलगा विमान माळ्यावर टाकतो आणि पुन्हा येत नाही. १९६० नंतर रेडिओची साधने स्वस्त झाली आणि बरेचसे लोक तिकडे वळले. त्याचे एक कारण हेही असावे, की रेडिओच्या विमानाची चूक हातातल्या काठीने तिथल्या तिथे सुधारता येते. मुक्त उड्डाणात ती आधीच टाळावी लागते, आणि त्यासाठी गुरू लागतो.

आता उपायांकडे येतो. यांतले बहुतेक त्या त्या देशांत कोणी ना कोणी केलेले आहेत. फक्त त्यांना मुख्य काम न समजता जोडकाम समजले गेले.

पहिला उपाय लहान वर्गाचा. अमेरिकेत ‘पी-३०’ नावाचा एक वर्ग निघाला. पंखाचा विस्तार आणि विमानाची लांबी दोन्ही ३० इंचांच्या आत, रबर १० ग्रॅम, रबराशिवाय वजन निदान ४० ग्रॅम, आणि पंखा बाजारात मिळणारा साधा प्लॅस्टिकचा. या शेवटच्या अटीत सारे शहाणपण आहे. पंखा हा रबराच्या विमानातला सर्वांत कसबी आणि खर्चिक भाग. तोच सगळ्यांना सारखा केला, म्हणजे श्रीमंताचा पैसा तिथे चालत नाही. फ्रान्समध्ये ‘कूप दिव्हेर’, म्हणजे हिवाळी चषक, हा असाच १० ग्रॅम रबराचा जुना वर्ग आहे. आणि अगदी पहिल्या पायरीसाठी फ्रँक एलिंग यांनी आखलेले ‘डेल्टा डार्ट’ आहे: कागदावरच नकाशा छापलेला, त्याच रेघांवर काड्या चिकटवायच्या, कडेने कागद कापायचा, की पंख तयार. शाळेतले पोर एका दुपारी ते बांधून संध्याकाळी उडवते.

दुसरा उपाय जागेचा. रान लहान असेल तर कमाल वेळ कमी करावा. नियमांना ते मंजूर आहे. ३ मिनिटांऐवजी दीड मिनिट धरले, तर विमान अर्धेच वाहते. ऑक्सफर्ड शहराला लागून पोर्ट मेडो नावाचे गायरान आहे. शतकानुशतके तिथे गावाची गुरे चरत आली. त्या सार्वजनिक कुरणावरही मुक्त उड्डाणाचे मेळावे भरलेले आहेत. गायरान राखले तर गुरांबरोबर खेळही राहतो, एवढे आपणही ध्यानात घ्यावे. रानच नसेल तर छपराखाली खेळ आहेच. बंद दालनात उडवायची विमाने दीड ग्रॅमच्या आसपास वजनाची, माणूस चालतो त्याहूनही सावकाश तरंगणारी, वीस मिनिटांहून अधिक वेळ हवेत राहणारी असतात. त्यांच्या जागतिक स्पर्धा रोमानियात स्लानिक येथील मिठाच्या खाणीत झालेल्या आहेत. कारण तिथे वारा नाही आणि छत उंच. अमेरिकेत शाळांच्या ‘सायन्स ऑलिंपियाड’मध्ये अशा, जरा दणकट, विमानांच्या स्पर्धा ‘राइट स्टफ’ या नावाने व्यायामशाळेत झालेल्या आहेत. ज्यांनी कधी मैदान पाहिले नाही, अशी मुले-मुली तिथे विमान बांधतात. मुली हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. या खेळाच्या मैदानावर स्त्रिया फार थोड्या राहिल्या आहेत. ज्या दारातून त्या येतात, ते दार आधी रुंद केले पाहिजे.

तिसरा उपाय टपाली सामन्यांचा. प्रत्येक मंडळाने आपापल्या रानावर, एकाच नियमाने, ठरल्या मुदतीत उड्डाणे करायची आणि वेळा एकमेकांना कळवायच्या. पूर्वी ते टपालाने होई, आज दूरध्वनीवर क्षणात होते. प्रवासखर्च शून्य. वेळ मोजणाऱ्याच्या इमानावर सारे चालते. पण ज्या खेळात माणसे परक्याचे विमान इमानाने उडवीत असत, त्याला हे नवे नाही.

चौथा उपाय मी माझ्या कामातून सांगतो. सभेला आलेल्या माणसाला नुसते ऐकायला बसवले तर तो दुसऱ्यांदा येत नाही. त्याच्या हाती सतरंजी उचलण्याचे का होईना काम दिले, तर तो येतो. मुक्त उड्डाणात कामे भरपूर आहेत. दुर्बीण आणि घड्याळ घेऊन वेळ मोजणारा लागतो. रबराचे टोक धरणारा लागतो. वाहून गेलेले विमान सायकलवरून शोधून आणणारा लागतो. नवा आलेला पहिल्याच दिवशी यांपैकी एक काम करू शकतो. आणि चार सामने वेळ मोजली, की हवा त्याच्या डोळ्यांत बसते. त्याच्याच जोडीला आणखी एक रीत सुचवावीशी वाटते. काही सामने जोडीचे ठेवावेत: एक मुरलेला, एक नवखा, आणि गुण दोघांचे मिळून. मग मुरलेल्याला नवख्याच्या विमानाकडे पाहावेच लागेल. आज जो जिंकतो तो आपले विमान घेऊन घरी जातो. जोडीत जिंकायचे तर दुसऱ्याला शिकवूनच जिंकता येईल.

असे कोणी विचारील, की यामुळे खेळाचा दर्जा उतरणार नाही का? माझा अनुभव उलट आहे. ज्या संघटनेत फक्त पुढाऱ्यांनाच कायदा कळतो, तिथे पुढारी म्हातारे झाले की संघटनाही म्हातारी होते. शिखर गाठणाऱ्यांना कोणी खाली ओढावे असे मी म्हणत नाही. त्यांची कार्बनची विमाने त्यांनी उडवावीत. ती पाहून डोळे निवतात. पण त्या शिखराखाली डोंगर पाहिजे. आज वेकफील्डचे रबर पिळणारा जो अनुभवी हात आहे, त्याच्याजवळचे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. तो हात थांबण्याआधी दुसऱ्या हाताने ते घेतले नाही, तर ते गेले. आणि मग संग्रहालयात ठेवलेले विमान पाहून कोणालाही पीळ किती द्यावा हे कळणार नाही.

आपल्या गावाशी याचा संबंध आहे तो असा. आपल्याकडे एन.सी.सी.च्या वायुशाखेत मुलांना विमानाच्या प्रतिकृती बांधायला आणि उडवायला शिकवतात, आणि जागतिक संघटनेशी आपल्या देशाचा दुवा एअरो क्लब ऑफ इंडिया हा आहे. म्हणजे अगदीच कोरी पाटी नाही. पण त्या शाखेत न जाणारी मुले किती तरी अधिक. चैत्र-वैशाखात आपल्या पठारावर जशी हवा उसळते, तशी इंग्लंडच्या खेळाडूला क्वचित मिळते. सुगी झालेली शेते महिनोन्‌महिने मोकळी असतात. आणि संक्रांतीला पतंगाचा दोर हातात धरलेल्या पोराला वारा कुठून येतो ते शिकवावे लागत नाही. बाल्सा मिळत नसेल तर बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांवर आरंभ करता येतो. राइट बंधूंचे खेळणे त्याचेच होते. विमानतळापासून दूरचे रान, सकाळची थंड वेळ, एक घड्याळ आणि एक जाणता माणूस, एवढे भांडवल पुरे.

तो जाणता माणूस कुठून आणायचा? तुमच्यापैकी कोणी तरुणपणी विमान बांधले असेल, कोणी वायुदलात किंवा कारखान्यात बारीक काम केले असेल. त्यांनी व्याख्यान देऊ नये. व्याख्याने द्यायला आमच्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनी एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर यावे, एका पोराचे विमान नाकावर आपटलेले पाहावे, आणि वाकून त्याला सांगावे, “नाकाला थोडी माती लाव.” बाकीचे काम ते पोर आणि हवा मिळून करतील. पुढच्या रविवारी ते पोर आणखी एकाला घेऊन आले, तर समजावे की सभासद नोंदणी सुरू झाली.